आबा, शिकागो आणि एक वीसची मॅच

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज शक्य तेवढा तसाच ठेवला आहे.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की आई-वडील अमेरिकेत आले की त्यांना शिकागोत काय दाखवायचं? बेसबॉलची मॅच दाखवावी का? त्यांना कंटाळा नाही का येणार? याचं उत्तर मी यादी करून देऊ शकलो असतो. पण मागच्या जुलैत माझ्या वडिलांना घेऊन मी दोन दिवस शहरात फिरलो, तीच गोष्ट सांगतो. यादी त्यातच येईल.

आमचे आबा. वय ७४. कराड डेपोत एसटीचे कंडक्टर होते. कराड-चिपळूण हा त्यांचा आवडता रूट. आणि सुट्टीच्या दिवशी गावच्या क्रिकेट स्पर्धेत स्कोअरर. तीस वर्षं त्यांनी ती वही लिहिली. स्वतः बॅट कधी हातात धरली नाही, पण त्यांच्या वहीत जे आलं तेच खरं, असा गावात दरारा.

आई गेली त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. मी आबांना इकडे आणलं सहा महिन्यांसाठी, असं त्यांना सांगून. माझ्या मनात वेगळंच होतं. ग्रीन कार्डचे कागद मी भरून ठेवले होते, फक्त सहीची जागा रिकामी. गावचं घर भाड्यानं द्यायचं, हेही चुलतभावाशी फोनवर बोलून झालं होतं. आबांना यातलं काही सांगितलं नव्हतं. म्हटलं, जरा फिरवू, मन रमलं की विषय काढू.

तर गुरुवारी सकाळी नेपरव्हिलहून लोकल ट्रेननं आम्ही युनियन स्टेशनला उतरलो. मी, आबा आणि माझी नऊ वर्षांची लेक. बायकोला सुट्टी नव्हती.

पहिलं काम, नदीतली बोट. शिकागोत एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ही बघा. साधारण दीड तास लागतो, बसून असतं, गुडघे दुखणाऱ्यांची सोय होते. दोन्ही काठांना उंच इमारती, आणि गाईड एकेकीची कुंडली सांगतो. १८७१ मध्ये या शहराला प्रचंड आग लागली, मधला सगळा भाग जळून गेला, आणि त्या राखेवर हे नवं शहर उभं राहिलं. ११० मजल्यांचा विलिस टॉवर, जुनं नाव सिअर्स टॉवर, दिसला. त्याची रचना करणारे इंजिनिअर फझलूर खान हे ढाक्याचे. नऊ चौकोनी नळ्या एकत्र बांधून उभ्या कराव्यात तशी ती इमारत आहे. आबा म्हणाले, "म्हंजे उसाची मोळी. एकटा ऊस वाकतो, मोळी वाकत न्हाई." मी इतकी वर्षं ती इमारत बघतोय, पण इतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग गाईडनं सांगितलं की ही नदी उलटी वाहते. पूर्वी ती मिशिगन सरोवराला मिळायची, शहराची घाण त्यात जायची आणि तेच पाणी शहर प्यायचं. म्हणून कालवा खोदून १९०० साली नदीचा प्रवाहच फिरवला. मी हे मराठीत सांगितलं तर आबांना अजिबात नवल वाटलं नाही.

"आपल्या कोयनेचं काय केलं मग? तिचं पाणी पूर्वेला जायाचं. धरण बांधलं, डोंगर पोखरला, अन् पाणी खाली पोफळीला कोकणात सोडलं. कुंभार्ली घाटातनं मी हजारदा गेलोय." मग जरा थांबून म्हणाले, "नदीला कुणी विचारलं नसंल."

मी पाण्याकडे बघत राहिलो.

दुपारी मिलेनियम पार्क. तिथं तो चकचकीत स्टीलचा मोठा घेवड्याचा दाणा आहे ना, 'क्लाउड गेट', तो करणारे अनिश कपूर मूळचे मुंबईत जन्मलेले. त्याच्या पोटाखाली जाऊन वर बघायचं. आपलीच रूपं ताणली जातात, वाकतात, एकाची पाच होतात. लेक तिथं उड्या मारत होती. आबांनी आधी खिशातला कंगवा काढून भांग नीट केला, मग वर बघितलं. म्हणाले, "हितं एकटा माणूस आला तरी गर्दी दिसती." त्यावर काय बोलावं मला सुचलं नाही. मी फोटो काढला.

तिथून चालत आर्ट इन्स्टिट्यूट. आपल्याकडच्या पाहुण्यांना इथे जरूर न्या, कारण ११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंदांचं भाषण याच इमारतीत झालं. आबांच्या शाळेत भिंतीवर तो फेटा आणि हाताची घडी घातलेला फोटो होता. ते जिन्याच्या पायरीपाशी चपला काढायला लागले. मी म्हटलं, "आबा, इथं चालतं तसंच." तरी त्यांनी पायरीला हात लावून नमस्कार केलाच. दारावरचा रखवालदार हसला आणि त्यानंही मान झुकवली.

आता मॅच. शुक्रवार, दुपारी १:२०. रेड लाइन पकडायची, हॉवर्डच्या दिशेची. गाडी आधी जमिनीखालून जाते, मग वर येते, आणि अ‍ॅडिसन स्टेशनला उतरलात की मैदान समोरच. गाडीत आबांचा एकच प्रश्न : "एवढ्या गर्दीला कंडक्टर न्हाई? मग तिकीट न काढता बसलेला गावतो कसा?"

रिगली फील्ड १९१४ साली उघडलं. १९१६ पासून शिकागो कब्ज हा संघ तिथं खेळतो. आजूबाजूला राहती घरं आहेत आणि गच्च्यांवर बाक टाकून लोक मॅच बघतात. मैदानाच्या टोकाची विटांची भिंत वेलीनं झाकलेली आहे. ती वेल १९३७ ची. बॉल त्या वेलीत अडकला तर फलंदाजाला दोनच बेस मिळतात, तसा नियमच आहे. १९८८ पर्यंत तर इथं दिवेच नव्हते, सगळ्या मॅच उन्हात. म्हणून सांगतो, ज्येष्ठांसाठी छपराखालच्या रांगांचं तिकीट काढा. पण छपराला खांब आहेत, तेव्हा जागा खांबामागे नाही ना ते बघून घ्या.

आणि बोकडाची गोष्ट. १९४५ च्या वर्ल्ड सिरीजला एक हॉटेलवाला आपला बोकड घेऊन आला, त्याला बाहेर काढलं, आणि म्हणे त्यानं शाप दिला. १९०८ नंतर कब्जना जिंकायला थेट २०१६ उजाडलं. १०८ वर्षं! आबांनी विचारलं, "बोकडाचं तिकीट काढलं हुतं का?" मी म्हटलं, गोष्टीत तर काढलं होतं असं सांगतात. "मग चूक त्यांचीच. तिकीट असताना उतरवायचं न्हाई."

नियम समजावायचं काम लेकीकडे. ती शाळेत सॉफ्टबॉल खेळते. आबा, ओव्हर नसते. तीन जण आउट झाले की दुसऱ्यांची बॅटिंग. अशा नऊ इनिंग. बॉल टाकणारा पिचर. नीट टाकलेले तीन चुकवले, तर आउट. त्यानं चार वाईट टाकले, तर फुकट पहिल्या बेसवर. आबा दहा मिनिटं बघून म्हणाले, "सगळेच फुलटॉस टाकतोय की हा!" आमच्या पुढच्या रांगेतलं एक गुजराती जोडपं मागे वळून हसलं. पण मी सांगितलं, आबा, तो फुलटॉस ताशी दीडशे किलोमीटरनं येतोय आणि हवेतच वळतोय. मग जरा मान हलली.

समोरच्या संघाचा होमरन प्रेक्षकांत पडला की इथले लोक तो बॉल परत मैदानात फेकतात, अशी रीत आहे. एकानं तसा फेकला. आबा खूश. "बरोबर हाय. दुसऱ्याचा माल घरात ठेवू नये."

ते माळकरी, त्यामुळे हॉट डॉगचा प्रश्नच नव्हता. पण भाजलेल्या शेंगा मिळतात, टरफलासकट. सगळे टरफलं पायाशी टाकत होते, आबा रुमालात गोळा करत होते.

तिसऱ्या इनिंगला आबांची नजर शेजारी गेली. एक गोरे आजोबा, ऐंशीच्या आसपासचे, मांडीवर वही, हातात पेन्सिल. प्रत्येक बॉलनंतर काहीतरी नोंद. आबा इतके वाकले की शेवटी त्या आजोबांनी वहीच मध्ये धरली. आबांना इंग्रजी जेमतेम, त्यांना मराठी शून्य. पण स्कोअररला भाषा कशाला लागते? मैदानावरच्या जागांना १ ते ९ असे नंबर. पिचर १, कॅचर २, असं करत. ६-४-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपनं दुसऱ्या बेसवाल्याला दिला, त्यानं पहिल्याला, आणि दोघं आउट. सहाव्या इनिंगला आबांनी स्वतःच्या खिशातली डायरी काढली आणि लिहायला सुरुवात केली. मग त्या आजोबांना आपली पद्धत दाखवली : सहा टिंबं, ती जोडून केलेला एम, म्हणजे मेडन ओव्हर. आजोबांनी ते आपल्या वहीच्या कोपऱ्यात उतरवून घेतलं. आठ महिन्यांत आबांना इतकं बोलताना मी बघितलं नव्हतं, आणि तेही खुणांनी.

मैदानातला मोठा स्कोअरबोर्ड अजून हातानं चालतो. आत माणसं बसून आकड्यांच्या पाट्या बदलतात. गावी आबा खिळ्यावर पत्र्याचे आकडे लावायचे, तसंच. त्यांनी विचारलं, रन कळलं, हिट कळलं, हे तिसरं काय?

लेक म्हणाली, "एरर, आबा. चूक. सोपा बॉल सोडला की ती मोजतात आणि बोर्डावर लावतात."

"चूक लिहून ठिवत्यात? सगळ्यांसमोर?" आबा बराच वेळ त्या रकान्याकडे बघत होते.

सातव्या इनिंगच्या मध्यात सगळं मैदान उभं राहून गाणं म्हणतं. ते संपलं, लोक बसले, आणि मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आबा, मी तुमचे इथं राहायचे कागद भरून ठेवलेत. तुम्हाला न विचारता."

ते डायरीत लिहीत होते. मान वर न करता म्हणाले, "आन् घर भाड्यानं द्यायचं बोललायस. म्हाईत हाय मला. भाडेकरू बघायला आला, तवा शेजारनीनं फोन केला हुता."

"कधी?"

"झाला म्हैना."

महिनाभर त्यांना माहीत होतं! आणि ते रोज सकाळी माझ्याबरोबर चहा पीत होते. मी म्हटलं, "चुकलं माझं."

त्यांनी डायरीच्या पानावर, जिथे मॅचची नोंद होती तिथेच खाली, माझं नाव लिहिलं आणि पुढे इंग्रजी ई काढला. लेकीला दाखवला. "बरोबर काढला का गं?" ती म्हणाली, "बरोबर आबा, पण जरा वाकडा आलाय."

मग मला म्हणाले, "नोंद झाली. आता इचार, काय इचारायचं ते."

मी विचारलं. पहिल्यांदाच. आणि त्यांनी उत्तर दिलं : गणपतीआधी परत जाणार. घर उघडं राहणार, आईनं लावलेली जास्वंद तिथं आहे. उन्हाळ्यात तीन महिने येईन, तू बोलावलंस तर. आणि आजारी पडलो तर काय, हा प्रश्न मी विचारला तेव्हा म्हणाले, "तवा पुन्हा इचार. आज ठरवून ठिवू नकोस." यात माझी काळजी संपली असं नाही मंडळी. कराडला एकटा माणूस, फोन उचलला नाही की आजही माझ्या पोटात गोळा येतो. पण निर्णय त्यांचा आहे, आणि तो मला त्यांच्या तोंडून कळला.

मॅच कब्ज हरले. जिंकले तर बोर्डावर पांढरा झेंडा आणि त्यावर निळा डब्ल्यू. हरले तर निळा झेंडा, पांढरा एल. पूर्वी ट्रेननं जाणाऱ्यांना निकाल कळावा म्हणून ही पद्धत पडली. आम्ही प्लॅटफॉर्मवरून तो एल बघितला. आबा म्हणाले, "हरलेलंबी सांगत्यात, चांगलं हाय."

तर मंडळी, बेसबॉल दाखवावा का? दाखवा. दोन पावणेतीन तास जातात, मध्ये बोलायला भरपूर वेळ असतो. तुमच्याकडे बोलायचं काही राहिलं असेल तर क्रिकेटपेक्षा हा खेळ सोयीचा.

जाता जाता एक. आबा परत गेले. दिवाळीत गावी टेनिस बॉलची स्पर्धा झाली. चुलतभावाचा फोन आला, वैतागून. आबांनी फळ्यावर नवा रकाना काढलाय म्हणे, 'चूक'. कुणी कॅच सोडला की नावासकट लावतात. दोन संघांनी तक्रार केली आणि सरपंचांच्या पुतण्यानं खेळायचं बंद केलं. आबा रकाना पुसायला तयार नाहीत.

भेटूया पुढच्या भागात. तोवर घरच्यांना फोन करा, आणि ठरवून झालेलं सांगण्याआधी एकदा विचारा. नमस्कार.