जिला बोलले, तिला विचारलेच नाही



आपल्या वस्तीतल्या मुली आता कबड्डी, खो-खो, फुटबॉलच्या संघात जातात. पण संघातच कोणी जात किंवा रंग काढून बोलले तर काय करायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून आम्ही इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाचे प्रकरण आपल्यापुढे ठेवतो.

एनी अलुको ही त्या संघाची खेळाडू. जन्म नायजेरियातला, शिकून वकील झालेली, देशासाठी १०२ सामने खेळलेली. २०१४ मध्ये वेम्बलीच्या सामन्याला तिचे नायजेरियातले नातेवाईक येणार होते. प्रशिक्षक मार्क सॅम्पसन तिला म्हणाले, ते इबोला घेऊन येणार नाहीत एवढे बघ! २०१५ साली चीनच्या दौऱ्यात ड्रू स्पेन्स या मिश्रवंशीय मुलीला विचारले, तुला किती वेळा अटक झाली? अशी 'गंमत' नेमकी काळ्या मुलीच्याच वाट्याला कशी येते हो?

मे २०१६ मध्ये संघातल्या वातावरणाची गोपनीय विचारणा झाली. अलुकोने मोकळेपणी सांगितले. थोड्याच दिवसांत ती संघाबाहेर! दोहोंचा संबंध नाही, असे फुटबॉल संघटनेचे म्हणणे. तिच्याशी ८०,००० पौंडांची तडजोडही झाली. पण चौकशीत प्रशिक्षक निर्दोष ठरले, एकदा नव्हे, दोनदा. आणि जिला अटकेचे विचारले, त्या स्पेन्सची साधी जबानीसुद्धा कोणी घेतली नव्हती. आम्हांला सगळ्यात जास्त हेच लागते. पंचनामा करायचा आणि ज्याचे घर जळाले त्यालाच विचारायचे नाही, अशातला हा प्रकार. आपली पोरगी घरी येऊन असे काही सांगेल, तेव्हा तारीख, जागा, कोण हजर होते, हे त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. आणि चौकशीला संघाबाहेरचा माणूस मागा.

अलुको मात्र एकटी पडली. १९ सप्टेंबर २०१७ ला रशियाविरुद्ध गोल झाल्यावर मुली धावत जाऊन सॅम्पसनच्या गळ्यात पडल्या. गोल करणारी निकिता पॅरिस, तीही कृष्णवर्णीयच. दुसऱ्याच दिवशी सॅम्पसन यांना काढले, तेही जुन्या, वेगळ्याच कारणावरून.

पुढे स्पेन्सने लेखी जबाब दिला, चौकशी पुन्हा उघडली. १८ ऑक्टोबर २०१७ ला दोन्ही वाक्ये वांशिक भेदभावाची ठरली. संघटनेने दोघींची माफी मागितली. पॅरिसने २०२० मध्ये मागितली. अलुको इंग्लंडकडून पुन्हा कधी खेळली नाही.