सावलीशी लढू नये



कवीला बोलायला बोलावलं की तो कवितेवर बोलणार, असं धरलेलंच असतं. मी मात्र आज संगणकावरच्या एका खेळाविषयी बोलणार आहे. खेळाचं नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया', म्हणजे इराणचा शहजादा. १९८९ साली तो पहिल्यांदा आला आणि त्यानंतर पस्तीस वर्षं त्याचे नवे नवे भाग निघत राहिले. फास्टर फेणेचं कोणतं पुस्तक सगळ्यांत फक्कड, यावरून आमच्या पिढीत जशी भांडणं व्हायची, तशी या खेळाच्या भागांवरून आमच्या घरात होतात. एका बाजूला मी, पन्नाशी ओलांडलेला कल्याणकर. दुसऱ्या बाजूला माझा पुतण्या, विशीतला, डोंबिवलीत राहणारा. माझं मत पहिल्या भागाला. त्याचं मत २०२४ सालच्या 'द लॉस्ट क्राउन'ला.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी आधी गोष्ट सांगतो. सुलतान लढाईवर गेलेला आहे. मागे वजीर जाफर सत्ता बळकावतो आणि राजकन्येला सांगतो, एका तासात लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. तिचा प्रियकर तळघरात कोंडलेला आहे. त्यानं पहारेकऱ्यांशी लढत, सुळ्यांवरून उड्या मारत, बारा टप्पे ओलांडून वर पोचायचं. त्यासाठी साठ मिनिटं. गंमत म्हणजे हा नायक पहिल्या भागात राजपुत्रही नाही. परमुलखातून आलेला साधा मुशाफिर आहे.

साठ मिनिटं म्हणजे काय, हे कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कल्याणहून जलद लोकल पकडली की मुंबईच्या टोकाला पोचायला साधारण तेवढाच वेळ लागतो. रोज तेवढ्यात पोचायचं आणि चुकलेल्या गाडीला माफी नाही. नव्वदच्या दशकात आमच्याकडे स्टेशनच्या आसपास संगणकाचे क्लास निघाले. चपला बाहेर काढून थंडगार खोलीत शिरायचं, असा तो काळ. मास्तर चहाला गेले की कुणीतरी खिशातून फ्लॉपी काढी आणि हा खेळ लावी. पडदा काळा-पांढरा, पण त्यावरचा माणूस खऱ्या माणसासारखा धावायचा. कड्याला लोंबकळायचा, अंग सावरून वर चढायचा. आम्ही सहा-सात जण मागे उभं राहून श्वास रोखायचो.

तो खऱ्यासारखा धावायचा, कारण त्यामागे खरा माणूस होता. हा खेळ रचला जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणानं, १९८५ ते १९८९ अशी चार वर्षं खपून, ॲपल टू या छोट्याशा संगणकावर. त्यानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चित्र पाहून संगणकावर उतरवलं. संगीत त्याच्या वडिलांचं. हे वडील व्हिएन्नात जन्मलेले. नाझींमुळे त्या ज्यू कुटुंबाला देश सोडावा लागला होता. अशा घरातल्या मुलानं इराणचा शहजादा रचावा आणि तो कल्याणात आम्ही टाळ्या वाजवत पाहावा, याचं मला अजून नवल वाटतं.

आता माझ्या आवडीचं कारण सांगतो. त्या संगणकाची स्मरणशक्ती फारच तुटपुंजी होती. शत्रूचं वेगळं चित्र ठेवायला त्यात जागाच उरली नव्हती. तेव्हा मेकनरनं नायकाचंच चित्र किंचित सरकवून पुन्हा वापरलं आणि त्यातून एक सावली जन्माला आली. चौथ्या टप्प्यात वाटेत एक आरसा आडवा येतो. नायक त्यातून झेप घेतो आणि त्याचं प्रतिबिंब दुसऱ्या बाजूनं निसटून पळतं. पुढे ही सावली त्याचं औषध पिऊन टाकते, त्याच्या तोंडावर दार लावून घेते. बाराव्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर उभी राहते.

सगळे खेळाडू तिथं काय करतात? लढतात. पण तिला जखम केली की आपलंच रक्त कमी होतं. ती मेली की आपण मेलो. बराच वेळ कुणालाच उमगत नाही. मग कुणीतरी तलवार म्यान करून पाहतो. सावलीही म्यान करते. दोघं एकमेकांकडे चालत येतात आणि एक होतात. त्यानंतर जिथं पोकळी दिसत होती, तिथं पायाखाली वाट तयार होते.

मी मराठीत लिहिणारा मुसलमान आहे. मुशायऱ्यात विचारतात, मराठीत का लिहिता? कविसंमेलनात विचारतात, मराठी इतकं चांगलं कसं येतं? दोन्ही प्रश्न प्रेमानं विचारलेले असतात, पण दोन्हींमध्ये माझी दोन माणसं करून समोरासमोर उभी केलेली असतात. आरशापलीकडे गेलेल्या त्या सावलीची मला म्हणूनच आठवण होते. तलवार म्यान करायची, हे उत्तर कुणा मौलवीनं किंवा प्राध्यापकानं दिलं असतं तर मी मान डोलावून विसरलो असतो. खेळात ते बोटांना सापडतं, म्हणून लक्षात राहतं.

पुतण्याला हे सगळं पटतं, पण तो माझ्या आवडत्या भागाचा दोषही दाखवतो. तो म्हणतो, "चाचा, त्यातला वाईट माणूस जाफरच का?" प्रश्न रास्त आहे. जाफर बरमकी हा बगदादच्या हारून अल-रशीदचा खराखुरा वजीर. अलिफ लैलाच्या गोष्टींत तो खलिफाबरोबर रात्री वेष पालटून शहरात हिंडणारा सोबती आहे. त्याला खलनायक केलं ते 'द थीफ ऑफ बगदाद' या १९४० सालच्या चित्रपटानं. मेकनरवर त्या चित्रपटाचा प्रभाव होता. मग १९९२ साली डिस्नेच्या 'अल्लादिन'मध्येही वजीर जाफरच. बुद्धिबळातला वजीर आपल्याला सगळ्यांत लाडका आणि गोष्टीतला वजीर मात्र कायम दगाबाज, असं होऊन बसलं. एक खोटी गोष्ट तीनदा सांगितली गेली की मुलांना तीच खरी वाटते.

आता मधले भाग. २००३ सालचा 'द सँड्स ऑफ टाइम' आम्हा दोघांनाही प्रिय आहे. तो कॅनडातल्या माँट्रियलमध्ये युबिसॉफ्ट कंपनीनं काढला आणि त्याची कथा मेकनरनंच लिहिली. त्याची सुरुवात आपल्याकडे होते. शहजादा आणि त्याचा बाप हिंदुस्थानातल्या एका महाराजाचा वाडा लुटतात. लुटीत एक जादूचा खंजीर मिळतो, त्यानं काळ मागे फिरवता येतो. उडी चुकली? कळ दाबा, खाली पडणारा माणूस उलटा वर येतो. पण खंजिरातली वाळू मोजकी. ती संपली की तुम्हीही संपलात. सोबतीला आहे त्याच महाराजाची मुलगी फराह, धनुष्यबाण घेतलेली.

कवी म्हणून मला त्यातलं निवेदन फार आवडतं. सगळी गोष्ट शहजादाच सांगतो आहे. खेळताना आपण मेलो तर तो मध्येच थांबून म्हणतो की नाही, हे असं घडलं नव्हतं, आणि गोष्ट दुरुस्त करतो. ही जुन्या दास्तानगोची तऱ्हा. शेवटी तो काळ थेट वाडा लुटण्याच्या आधीपर्यंत मागे नेतो. लूट झालीच नाही, माणसं मेलीच नाहीत. पण फराहनं त्याच्यावर केलेलं प्रेमही घडलं नाही. तो तिच्या खोलीत जाऊन हे सगळं सांगतो. इतका वेळ आपण जे ऐकत होतो, ते तो तिलाच सांगत होता. तिला मात्र तो अनोळखी आहे. लूट पुसायची तर तिच्याबरोबरचं सुखही पुसावं लागतं, हे इतक्या सरळपणे सांगणाऱ्या कथा मी फार वाचलेल्या नाहीत.

या भागाची नवी आवृत्ती करण्याचं काम २०२० साली पुणे आणि मुंबई इथल्या स्टुडिओंकडे असल्याचं जाहीर झालं, तेव्हा पुतण्यानं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. महाराजाच्या मुलीची गोष्ट महाराष्ट्रात बनणार होती. पुढे तारखा लांबत गेल्या, २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे परत गेलं आणि जानेवारी २०२६ मध्ये कंपनीनं तो प्रकल्पच रद्द केल्याचं सांगितलं. पुतण्याच्या वयाची, चित्रं काढणारी, संगणक जाणणारी मुलं आपल्या ठाणे जिल्ह्यात भरपूर आहेत. त्यांना ही बातमी घरातली वाटली.

२००४ सालच्या भागाला आम्ही दोघंही शेवटचा नंबर देतो. शहजादा चिडका, संगीत कर्कश, रक्त जास्त. २००५ सालचा 'द टू थ्रोन्स' पुन्हा सावरतो. त्यात शहजाद्याच्या आतच एक काळा शहजादा वसतो आणि सारखा कानाशी बोलत राहतो. अखेरीस त्याच्याशी तो मनाच्या आत झगडत बसतो, तेव्हा फराहचा आवाज येतो आणि तो पाठ फिरवून उजेडाकडे चालायला लागतो. म्हणजे पुन्हा तेच. सोळा वर्षांनी, दुसऱ्या लोकांनी केलेल्या खेळात, तलवार म्यान. २००८ सालच्या भागात तर नायक मरतच नाही. तो पडला की एलिका नावाची सोबतीण हात धरून वर ओढते. खेळाडू तेव्हा कुरकुरले की यात कस लागत नाही. मला ते आवडलं. गर्दीच्या लोकलमध्ये दारात लटकलेल्याला आत ओढून घेणारा हात ज्यानं पाहिला आहे, त्याला त्यात कमीपणा वाटणार नाही.

राहिला पुतण्याचा लाडका 'द लॉस्ट क्राउन'. फ्रान्समधल्या माँपेलिएला बनलेला. नायक सार्गोन. पळवून नेलेल्या शहजाद्याला सोडवायला तो कोहकाफच्या पर्वतावर जातो. कोहकाफ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आजीच्या गोष्टींतल्या पऱ्या येतात. खेळात सगळी पात्रं फारसीतून बोलतील, अशीही सोय आहे. पुतण्या म्हणतो, "चाचा, बाकीच्या खेळांत ती लिपी, त्या कमानी दिसल्या की बंदूक काढायची असते. इथं ते आपलं घर असतं." मी वाद घालतो. म्हणतो, सार्गोनची दुनिया इस्लामच्या आधीची, अग्निपूजकांची. तिचे खरे वारस शोधायचे तर ठाण्याच्या अग्यारीत जावं लागेल. आपलं घर इराणात नाही, कल्याणच्या खाडीकाठी आहे. तो हसून म्हणतो, "ठाऊक आहे. पण शेजारच्या बाल्कनीतून बरं दिसतं."

यावर मला उत्तर सुचत नाही. विशीतल्या मुलाला पडद्यावर सदैव समोरून मरायला येणाराच चेहरा आपल्यासारखा दिसत असेल, तर त्याच्या मनात काय साचत असेल, हे माझ्या पिढीला नीट कळणार नाही. आमच्या पडद्यावर रंगच नव्हते.

पण एक गोष्ट मी त्याला सांगितली आणि तीच आज सांगायची होती. 'लॉस्ट क्राउन'मध्ये सार्गोनला शक्ती देणारा पक्षी आहे सीमुर्ग. त्या शक्तीनं तो आपली सावली एका जागी ठेवतो, पुढे जातो, आणि हवं तेव्हा सावलीच्या जागी परत येतो. बाराव्या शतकातल्या फरीदुद्दीन अत्तार या सूफी कवीच्या काव्यात हाच पक्षी आहे. सगळे पक्षी आपला राजा शोधायला कोहकाफकडे निघतात. सात खोरी ओलांडताना कुणी थकतात, कुणी मरतात. तीसच उरतात. फारसीत 'सी' म्हणजे तीस आणि 'मुर्ग' म्हणजे पक्षी. पोचतात तेव्हा समोर त्यांना स्वतःचीच रूपं दिसतात. शोधत होते तो राजा ते स्वतःच असतात.

म्हणजे माझा भाग आणि त्याचा भाग एकाच डोंगरावर येऊन मिळतात. एकात आपण ज्याला शत्रू समजलो तो आपणच निघतो, दुसऱ्यातल्या पक्ष्याच्या गोष्टीत ज्याला राजा समजलो तो आपणच निघतो. पहिलं ठिकाण संगणकाची स्मरणशक्ती अपुरी पडली म्हणून सापडलं, दुसरं आठशे वर्षांच्या जुन्या कवितेतून आलं. तरीही माझा कौल पहिल्यालाच. कारण राजा आपणच आहोत हे मानायला कुणालाही आवडतं. समोर तलवार घेऊन उभा आहे तोही आपणच, हे मानून आधी आपली तलवार खाली करणं अवघड. आणि आजच्या दिवसांत, आपल्या शहरांत, मला तेच शिकणं जास्त गरजेचं वाटतं.

घरातलं मूल असा खेळ खेळताना दिसलं तर लगेच ओरडू नका. पाच मिनिटं शेजारी बसा आणि विचारा, आता समोर कोण आहे आणि त्याचं काय करायचं आहे? उत्तर ऐकण्यासारखं असेल.