गुडघ्याआधीं घर

झिजून निकामी झालेल्या सांध्याच्या जागीं कृत्रिम सांधा बसवितां येतो, ही गोष्ट शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना आतां नवी राहिलेली नाहीं. १८९० च्या सुमारास बर्लिन येथें थेमिस्टोक्लिस ग्लुक या शल्यवैद्यानें क्षयानें पोखरलेल्या सांध्यांच्या ठिकाणीं हस्तिदंताचे सांधे बसवून पाहिले. पण जंतुसंसर्गापुढें ते टिकले नाहींत. पुढें १९६२ सालीं इंग्लंडांत जॉन चार्न्ले यांनीं खुब्यासाठीं धातूचा गोळा आणि चिवट प्लॅस्टिकची वाटी अशी जोडी योजिली, आणि ही शस्त्रक्रिया प्रयोगाच्या कोटींतून नित्याच्या व्यवहारांत आली. आपल्याकडे मात्र खुब्यापेक्षां गुडघ्याचीच तक्रार अधिक. म्हणून येथें गुडघ्याचाच विचार केला आहे.

शल्यवैद्याचें काम तासा-दोन तासांचें असतें. रुग्णालयांतील मुक्काम बहुधा कांहीं दिवसांचाच. पुढचे दोन-तीन महिने जें कांहीं घडावयाचें तें घरांत घडतें. आणि अडचण अशी कीं, आपलें घर जमिनीपासून वर मांडलेलें असतें. पाट जमिनीवर, देवघर जमिनीवर, मोरींतली बादली जमिनीवर, पिठाचा डबा ओट्याखालीं आणि रात्रीचें अंथरूणहि कित्येक घरांत जमिनीवरच. नवा गुडघा आणूनहि घर जुनेंच ठेवलें, तर त्या गुडघ्याला पहिल्याच दिवशीं शत्रूच्या मुलुखांत सोडल्यासारखें होतें.

म्हणून तयारीला दीड-दोन महिने आधीं लागावें, आणि तिचा आरंभ देहापासून व्हावा. ग्लुकच्या काळचा जंतुसंसर्ग आज पुष्कळ आटोक्यांत आला असला, तरी या शस्त्रक्रियेचा खरा वैरी अद्याप तोच आहे. किडलेला दांत, पायावरची चिघळलेली जखम, भेगाळलेल्या टाचा, लघवीची जळजळ, यांचा निकाल आधीं लावून घ्यावा. मधुमेह्यांनीं तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखविणारी तपासणी वेळेवर करावी. ती फार वाढलेली असेल तर शल्यवैद्य तारीख पुढें ढकलतात आणि तें योग्यच असतें. धूम्रपान निदान चार आठवडे आधीं बंद हवें. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्यास तें स्पष्ट सांगावें. पण त्या आपल्या मनानें थांबवूं नयेत. आदल्या दिवशीं घरच्या वस्तऱ्यानें गुडघ्यावरचे केस काढण्याचा उत्साहहि नको. त्यानें त्वचेला बारीक ओरखडे पडतात आणि जंतूंना वाट मिळते.

मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ द्यावयाचें तें वेदनेच्या दिवसांत नव्हे, आधीं. गुडघ्याखालीं टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पायानें खालीं दाबावी, पांच अंक मोजावे, सोडावी. हें कोणालाहि बिछान्यावर पडून करतां येतें. वॉकर घेऊन चालणेंहि आधींच शिकून घ्यावें. गुंगी, मळमळ आणि वेदना यांच्या संगतींत नवी विद्या शिकणें सोपें नसतें.

आतां घर. हातांची, घट्ट बैठकीची, बसल्यावर गुडघा कमरेहून वर जाणार नाहीं इतक्या उंचीची एक खुर्ची ही या साऱ्या खटाटोपांतली पहिली खरेदी समजावी. कोचांत रुतून बसणें सुखाचें वाटतें, पण उठणें दोघांचें काम होऊन बसतें. आणि झोपाळ्यावर तर बसूंच नये, कारण पाय टेकतांना तो मागें सरतो. पलंगहि त्याच उंचीचा असावा. झोपतांना गुडघ्याखालीं उशी घेण्याचा मोह घरच्या मायाळू माणसांना फार होतो. तो टाळावा, गुडघा वांकलेल्या स्थितींतच आखडतो आणि मग सरळ करतांना आधींच्या सुखाची फेड करावी लागते.

खरी कसोटी न्हाणीघरांत लागते. बैठा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणावी, आणि ती दोनदां बसून-उठून पाहावी. धरावयाची दांडी भिंतींत पक्की बसविलेली हवी. टॉवेलच्या दांडीवर माणसाचा भार टाकूं नये, ती त्यासाठीं केलेली नसते. आंघोळीला पाटाऐवजीं उंच स्टूल, पायाखालीं न सरकणारी चटई, आणि बादली दुसऱ्या स्टुलावर, म्हणजे वांकावें लागत नाहीं. पलंगापासून तेथपर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा असावा. सतरंजी, पायपुसणें, भ्रमणध्वनीच्या तारा गुंडाळून ठेवाव्या. उंबरठा असेल तर तो वॉकरनें ओलांडण्याचा सराव हवा. स्वयंपाकघरांत रोजचीं भांडीं-डबे कमरेच्या वर आणि खांद्याच्या खालीं आणावे.

इतकें करूनहि एक गोष्ट उरते, आणि ती सुतारानें होण्यासारखी नाहीं. चाळीस-पन्नास वर्षें देवघरापुढें मांडी घालून बसलेल्या बाईला, आतां देव्हारा भिंतीवर खुर्चीच्या उंचीला येणार, असें सांगितलें म्हणजे ती गप्प होते. घरांतील तरुण मंडळी तें हट्टीपणाचें लक्षण समजतात. वस्तुतः तिला गुडघा हवा असतो तो त्या पाटावर पुन्हां बसतां यावें म्हणूनच. नव्या गुडघ्यानें मांडी घालतां येईल काय, हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीं, स्वच्छ शब्दांत आणि तिच्या समक्ष शल्यवैद्याला विचारला पाहिजे. पुष्कळ रुग्णांना तो नेहमीं जमिनीवर न बसण्याचाच सल्ला देतो. हें उत्तर तिला घरीं, विचार करण्यास सवड असतां मिळावें. टांके काढतेवेळीं नव्हे. देव्हारा हलवावयाचा तर तोहि तिच्या हातूनच, तिच्या सोयीच्या दिवशीं हलावा. सासू रुग्णालयांत असतांना सुनेनें घर सुधारून ठेवलें, म्हणजे सोय होते पण घर आपलें राहिलें नाहीं असें वाटूं लागतें.

समाचाराला येणाऱ्या मंडळींना पहिले पंधरा दिवस प्रेमानें दूर ठेवावें. ते पेढ्यांबरोबर सर्दीहि आणतात, आणि व्यायामाची वेळ गप्पांत जाते. दुसऱ्या बाजूनें, घरच्यांनीं पाण्याचा पेलाहि हातांत देण्याची अतिदक्षता दाखवूं नये. चालल्याशिवाय सांधा मोकळा होत नाहीं. मात्र पोटरी सुजून दुखूं लागली, जखमेंतून स्राव आला, ताप चढला, तर रुग्णालयांत त्याच दिवशीं कळवावें. श्वास लागला किंवा छातींत दुखलें तर क्षणाचाहि उशीर न करतां तेथें न्यावें.

लिफ्ट नसलेल्या इमारतींत राहणाऱ्यांनीं जिन्याचा नियम आधींच पाठ करावा: चढतांना चांगला पाय प्रथम, उतरतांना शस्त्रक्रिया झालेला पाय प्रथम. घरीं आणावयाच्या दिवशीं मोटारीची पुढची बैठक मागें सरकवून ठेवावी. रुग्णानें आधीं पाठमोरें बसावें आणि मग पाय आंत घ्यावे. शेजाऱ्याकडे एक किल्ली दिलेली असावी, आणि दाराशीं, जिना चढून आल्यावर टेकावयास, तीच नवी खुर्ची आणून ठेवावी.