जुळ्या नौकेवरील माझी उमेदवारी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आजवर थोर विद्वानांची व्याख्याने झाली आहेत. मी विद्वान नव्हे. बँकेत आकडेमोड करून निवृत्त झालेला एक सामान्य सभासद आहे. तथापि चिटणीसांनी आग्रह धरला की, उतारवयात आपण शिडाची नौका चालवावयास शिकलात, ती हकीकत मंडळींना सांगा. त्यांच्या आज्ञेनुसार उभा आहे. नाविक म्हणून नव्हे, केवळ उमेदवार म्हणून बोलतो, हे आरंभीच नमूद करतो.

आमच्या घरी पाण्याविषयी एक अलिखित निर्बंध होता. माझे एक चुलत आजोबा ऐन तारुण्यात खाडीत बुडाले. त्या दिवसापासून आमच्या आजीने दंडक घातला की, घरातील कोणीही गुडघ्यापलीकडे पाण्यात उतरावयाचे नाही. परिणाम असा झाला की, समुद्राच्या काठी तीन पिढ्या काढूनही घरात पोहता येणारा एकही इसम उरला नाही. बुडण्याच्या भीतीने आम्ही बुडण्याचीच सिद्धता करून ठेवली होती. परंतु हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

माझी कन्या अकरावीत असताना एक छापील अर्ज घेऊन आली. एका नौकानयन संस्थेत तिला नाव घालावयाचे होते व त्यावर पालकाची सही हवी होती. पोहणे ती शाळेत, मला न सांगता, शिकली होती. मी आठ दिवस सही केली नाही. अखेर आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “सही करायची नसेल तर करू नका, पण निदान ती नौका एकदा डोळ्यांनी पाहून तरी या.” मी गेलो. तेथील शिक्षकांनी सर्व दाखविले आणि मला विचारले, “आपल्याला पोहता येते का?” मी नाही म्हणताच ते शांतपणे म्हणाले, “मग मुलीची काळजी आपण करू नका. ती आपली करील.” मी खजील होऊन सही केली. पुढील वर्षभर नगरपालिकेच्या तलावात लहान मुलांच्या रांगेत उभे राहून पोहावयास शिकलो, आणि वयाच्या 52 व्या वर्षी कन्येच्या पाठोपाठ त्याच किनाऱ्यावर दाखल झालो.

आता त्या नौकेविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. तिला कॅटॅमरान म्हणतात. हे नाव इंग्रजी वाटले तरी मूळचे आपल्याच देशातील आहे. तमिळ भाषेत ‘कट्टु’ म्हणजे बांधणे व ‘मरम्’ म्हणजे लाकूड. पूर्व किनाऱ्यावरील मच्छीमार ओंडके एकत्र बांधून जो तराफा करीत, त्याचे हे नाव. पुढे ते पाश्चात्यांनी उचलले व दोन होड्या जोडून केलेल्या नौकेला लावले. आपल्या कोकणातील उलांडीची होडी आपण पाहिली असेलच. एका अंगाला लाकूड बांधून तोल सांभाळण्याची ती युक्ती याच कुळातील होय. अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफ यांनी 1876 साली ‘अमॅरिलिस’ नावाची जुळी नौका बांधून शर्यतीत इतरांना इतके मागे टाकले की, तशा नौकांना पुढे शर्यतींची दारेच बंद करण्यात आली. आम्ही शिकलो ती ‘होबी 16’ ही कॅलिफोर्नियातील होबी आल्टर यांनी काढलेली. वाळूवरून थेट पाण्यात लोटता यावी, धक्का किंवा बंदर लागू नये, हा तिचा हेतू. लांबी सुमारे 5 मीटर, रुंदी 2.4 मीटर, वजन सुमारे 145 किलो. दोन अरुंद होड्या, त्यांना जोडणारे आडवे दांडे आणि मध्ये ताणून बसविलेले जाड कापड. आपण त्या कापडावर बसावयाचे. पाण्यात खाली उतरणारी फळी तिला नाही. प्रत्येक होडीची बाहेरची बाजू सपाट व आतली फुगीर असते आणि त्या आकारामुळेच ती वाऱ्याने आडवी वाहवत नाही.

मंडळी, मला वाटले होते की पहिल्याच दिवशी आपण समुद्रात जाऊ. प्रत्यक्षात पहिले चार दिवस वाळूवरच गेले. नौका सज्ज करणे हेच अर्धे शिक्षण आहे. प्रथम वर पाहावयाचे. डोलकाठी आठ मीटरपर्यंत उंच असते. ती उभी करताना विजेची तार आसपास नसावी. परदेशी अशा अपघातांत माणसे दगावल्यावर काठीचा शेंड्याकडील भाग वीज न वाहणाऱ्या फायबरग्लासचा करण्यात आला, एवढे सांगितले म्हणजे पुरे. मग दोन्ही अंगांच्या तणाव्याच्या तारा अडकवून एकाने कापडावर उभे राहून काठी उचलावयाची व दुसऱ्याने पुढून तार ओढून धरावयाची. पुढची तार नाळेकडील जोडतारेला पक्की होईपर्यंत कोणीही हात सोडावयाचा नाही. प्रत्येक कडीतील खीळ व तिला आडवी घातलेली लहान कळ बोटाने चाचपून पाहावयाची. नुसती डोळ्यांनी नव्हे. त्यानंतर मोठ्या शिडात लांबलचक पट्ट्या सरकवून त्यांचे बंद आवळावयाचे. नौकेचे तोंड वाऱ्याकडे ठेवूनच शीड चढवावयाचे. एरवी ते भरते आणि नौका वाळूवरच उलथते. शेवटी लहान शीड, कप्प्यांतून ओवलेला शिडाचा दोर आणि दोन्ही सुकाणू.

या यादीतील एक गोष्ट मी एके दिवशी विसरलो. प्रत्येक होडीच्या मागील टोकाला, आत शिरलेले पाणी काढण्यासाठी एक भोक असते व त्याला बूच असते. “सर्व तपासले,” असे मी ठामपणे सांगितले. कन्येने पुन्हा पाहतो म्हटल्यावर जरा रागावलोही. किनाऱ्यापासून दूर गेल्यावर डावी बाजू जड वाटू लागली, वळता वळेना. डाव्या होडीचे बूच माझ्या सदऱ्याच्या खिशात होते! वारा मंद होता म्हणून परत पोहोचलो. बँकेत मी तीस वर्षे दुसऱ्यांच्या हिशेबावर ‘तपासले’ असा शेरा मारीत आलो होतो; त्या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

पाण्यावरील विद्या तशी थोडक्यात सांगता येते, हाताला मात्र सावकाश येते. वारा जेथून येतो त्या दिशेला थेट जाता येत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे 45 अंशांपर्यंत नौका चालते आणि म्हणून नागमोडी जावे लागते. साधी होडी वाऱ्यातून चटकन तोंड फिरविते. ही जुळी नौका हलकी असल्याने मध्येच थबकते. त्यास उपाय असा की, आधी वेग घ्यावा, सुकाणू झटका न देता फिरवावे आणि पुढचे लहान शीड लगेच न सोडता वाऱ्याला नाळ ढकलू द्यावी. तरीही अडकलात तर घाबरू नये. नौका मागे सरकू लागते तेव्हा सुकाणू उलटे धरून तिला बाजूला काढावे. मुंबईत दुपारनंतर खारे वारे वाढतात, म्हणून नवशिक्याने सकाळी निघावे. पावसाळ्याचे चार महिने तर किनाऱ्यावरून निघूच नये.

आता मूळ गोष्टीकडे येतो. जानेवारीतील एका दुपारी, शिक्षकांची होडी जवळ असताना, सुकाणू व मोठ्या शिडाचा दोर माझ्या हाती होता. कन्या पुढे बसली होती. अकस्मात वाऱ्याचा जोराचा झोत आला आणि आम्ही बसलो होतो ती होडी पाण्याबाहेर उचलली गेली. “बाबा, दोर सोडा!” ती ओरडली. मी ऐकले, मला अर्थही कळला. परंतु हात उघडेना. भीतीने मनुष्य जे हाती असेल ते घट्ट धरतो. दोर सोडला असता तर शिडातील वारा निघून गेला असता व नौका सरळ झाली असती. मी तो अधिकच आवळला आणि क्षणार्धात आम्ही दोघेही पाण्यात पडलो.

वर आलो तेव्हा प्रथम तिचे डोके दिसेना. ती शिडाच्या पलीकडे होती. तो काळ किती सेकंदांचा होता हे मी सांगू शकत नाही. आमच्या आजीने तो दंडक का घातला असेल, हे मात्र मला त्या वेळी समजले. मग पलीकडून आवाज आला, “बाबा, नौकेला धरून राहा. किनाऱ्याकडे पोहू नका.” त्यानंतर सर्व आज्ञा तिने दिल्या व मी पाळल्या. दोन्ही शिडांचे दोर अडकणीतून मोकळे केले. खालच्या होडीवर चढून नाळेकडे भार टाकला, म्हणजे नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळते. वरच्या होडीवरून आलेला दोर दोघांनी धरून मागे रेललो. एकट्याच्या वजनाने ते होत नाही. शीड हळूहळू पाण्यातून सुटले, खाली वारा शिरला आणि नौका उभी राहू लागली. ती आदळण्यापूर्वी बाजूला होऊन आडवा दांडा पकडावयाचा, नाहीतर ती आपल्याला सोडून निघून जाते. आम्ही वर चढलो. मी सुकाणू तिच्या हाती देऊ लागलो तेव्हा ती म्हणाली, “नाही, तुम्हीच घ्या. पण दोर हाताला गुंडाळू नका.”

ज्ञातिबंधूंनो, नौकेवर वडीलकी वयाची नसते, ज्ञानाची असते, हे मला तेथे मान्य करावे लागले आणि त्यात माझा काही मान गेला नाही. आमची आजी चुकली असे मी म्हणणार नाही. तिने एक माणूस गमावला होता. परंतु मनाई केल्याने धोका जात नाही. धोक्याच्या वेळी हाताने काय करावयाचे हे ठाऊक असल्याने तो आटोक्यात येतो. उलटलेली नौका सरळ करण्याचा पाठ शांत पाण्यात पुन्हा पुन्हा घ्यावा लागतो, तेव्हा कोठे मूठ वेळेवर उघडते. त्यानंतर मी तो वीस वेळा तरी घेतला असेन.

मंडळाकडे एक नम्र सूचना करून थांबतो. आपण गुणवंत मुलांना पारितोषिके देतो, ते योग्यच आहे. त्याबरोबर आपल्या प्रत्येक सभासदाच्या घरातील मुलगा आणि मुलगी दहा वर्षांची होण्याच्या आत पोहावयास शिकेल, एवढी व्यवस्था मंडळाने पाहावी. ऐपत नसेल तेथे शुल्क भरावे. आणि पुढे त्यांपैकी कोणी शिडाच्या नौकेचा अर्ज घेऊन सहीसाठी आले, तर वडीलधाऱ्यांनी आठ दिवस लावू नयेत. जमल्यास स्वतःचाही एक अर्ज मागवावा.