महाविद्यालयाचे पहिले वर्ष आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी गुणगौरव समारंभात चिंचवड येथे झालेले भाषण)



बारावीच्या परीक्षेत यश मिळविलेल्या आपल्या मुलामुलींचा नुकताच येथे गौरव झाला. अशा प्रसंगी वडीलधाऱ्यांनी उपदेशाचे चार शब्द सांगावेत, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी मात्र आज उपदेशाआधी एक कबुली देणार आहे आणि त्या कबुलीच्या आधारे आपणा सर्वांपुढे एक मागणी ठेवणार आहे.

शिक्षणासाठी घर सोडणे ही गोष्ट महाराष्ट्राला नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास डोंगर ओलांडून पायी गेले. तेथे, वय कमी दिसते, एवढ्या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. ते घरी परतले आणि पुढे ती परीक्षा उत्तीर्ण झाले. अपयश घेऊन परत जाता येईल असे घर मागे असणे, ही केवढी शिदोरी असते!

परगावच्या मुलाने राहावे कोठे आणि खावे काय, हा प्रश्न त्या पिढ्यांना फार जाचत असे. पुण्यातील गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात वारांना सात घरी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करविली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसविली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली आणि खेड्यापाड्यांतील हजारो मुलांना तिने आसरा दिला. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनीही आपापल्या परीने या कामाला हातभार लावला, हे कृतज्ञतेने नमूद करावयास हवे.

मी स्वतः १९७४ च्या जून महिन्यात जुन्नर तालुक्यातून येथे आलो. त्या वेळी पिंपरी-चिंचवड ही महानगरपालिका नव्हती. ती १९८२ साली झाली. पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनीच्या वसाहतीत माझे मामा राहत. दोन खोल्यांत सहा माणसे होती, त्यांत मी सातवा. पहिल्या सहामाहीत मी गणितात नापास झालो आणि ते कोणाला सांगावयाचे नाही, असे मनाशी ठरविले. रात्री ताट वाढताना मामी म्हणाली, “अरे, आज आमटी पुन्हा मागितली नाहीस. काय झालं?” एवढ्या एका प्रश्नावर मला रडू फुटले. मामाने दुसऱ्याच दिवशी वसाहतीतील एका पदवीधर शेजाऱ्याकडे मला गणितासाठी नेले. माझे वर्ष वाचले ते त्या आमटीमुळे, असे मी आजही मानतो.

आता कबुली देतो. चार वर्षांपूर्वी पारनेर तालुक्यातील आपल्याच एका ज्ञातिबंधूंचा मला दूरध्वनी आला. “दादा, मुलाला तुमच्याच भागात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आहे, जरा लक्ष ठेवा,” असे ते म्हणाले. मी तत्काळ “अगदी निश्चिंत राहा” असे उत्तर दिले. हे उत्तर आपण सर्वच देतो आणि ते देताना आपला हेतू खोटा नसतो. परंतु गणपती आले आणि गेले, दिवाळी झाली, तरी मी त्या मुलाला एकदाही भेटलो नाही. त्याची खोली माझ्या घरापासून बसने अर्ध्या तासाच्या अंतरावर होती.

मुलगा सालस होता. वडिलांचे पैसे वाचावेत म्हणून त्याने मोशीला कॉट बेसिसवर स्वस्त जागा घेतली. खोलीतील इतर तिघे चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे कामाला होते. प्रथम तो त्यांच्याबरोबर केवळ रविवारी कामावर गेला. हाती रोख पैसा आला. मग दुसरी पाळी, मग रात्रपाळी. सकाळी तासाला बसले की डोळे मिटू लागले. सर्व शिक्षण मराठी माध्यमातून झालेले, वर्गात सारे इंग्रजीतून चालले आणि मागची एक गोष्ट सुटली की पुढच्या दहा कळेनाशा झाल्या. सत्रमध्य परीक्षेत दोन विषय गेले, हजेरी पंच्याहत्तर टक्क्यांच्या फार खाली आली आणि मग त्याने महाविद्यालयात जाणेच सोडून दिले. घरी मात्र तो दररोज रात्री “सगळं ठीक आहे” असेच सांगत राहिला. फेब्रुवारीत त्याचे वडील अचानक आले, तेव्हा मुलगा कामावरून येऊन भर दुपारी झोपलेला होता. सायंकाळी ते माझ्याकडे आले. मला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. चहा घेतला आणि गेले. बंधुभगिनींनो, त्या न बोललेल्या शब्दाचे ओझे घेऊन मी आज आपल्यापुढे उभा आहे.

या प्रसंगावरून मला जे उमगले, ते विद्यार्थी मित्रांना प्रथम सांगतो. परगावी जाण्याची तयारी म्हणजे नवी बॅग आणि नवा मोबाईल नव्हे. जागा निवडताना केवळ भाडे पाहू नका, महाविद्यालयाचे अंतरही पाहा. आकुर्डी, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी ही स्थानके पुणे-लोणावळा लोकलवर आहेत. पिंपरीच्या महापालिका स्थानकापासून स्वारगेटपर्यंतची मेट्रो सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण सुरू झाली आहे. या मार्गांजवळ राहिलात तर वेळ आपल्या हातात राहतो. उलट, पाळ्या सुटण्याच्या वेळी चाकणच्या चौकात अडकलेल्या बसमध्ये ज्याचे रोज दोन तास जातात, त्याने भाड्यात वाचविलेले पैसे अभ्यासातून फेडलेले असतात. अनामत रक्कम देण्यापूर्वी भाडेकरार वाचा आणि पैशांची पावती घ्या. मेसचे पैसे एकदम वर्षाचे भरू नका. आधी महिनाभर जेवून पाहा.

कपडे धुणे, वरणभात लावणे, महिन्याचा हिशेब लिहिणे या गोष्टी मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही या सुट्टीतच शिकून घ्याव्यात. कमाई करण्यात कमीपणा नाही. परंतु कमवा आणि शिका या दोन शब्दांतील दुसरा शब्द पहिल्याने गिळता कामा नये. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची याच नावाची योजना आहे. आपल्या महाविद्यालयात ती चालते काय, याची चौकशी करा. रात्रपाळी मात्र पहिल्या वर्षी कटाक्षाने टाळा.

आता पालकांना विनंती. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला यांपैकी जे आपणांस लागू असेल, ते आजच काढून त्याची मुदत तपासा. प्रवेशाच्या आठवड्यात तहसील कचेरीत धावाधाव केली तर हातची जागा जाते. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर वेळेत भरावा आणि दर वर्षी त्याचे नूतनीकरण करावे. मुलीच्या शिक्षणाविषयी जे अजून कचरत असतील, त्यांनी हे लक्षात घ्यावे : कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून राज्य शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात संपूर्ण सवलत दिली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला असला पाहिजे. राहण्याजेवण्याचा खर्च त्यात येत नाही; त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची योजना आहे. आपण तिच्या नियमांत बसतो काय, ते पाहावे.

रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून कायदा आहे. १८००-१८०-५५२२ या विनामूल्य क्रमांकावर केव्हाही तक्रार करता येते. मन फारच उदास झाले तर १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. हे दोन्ही क्रमांक मुलांनी आजच लिहून घ्यावेत. ते वापरणे म्हणजे भित्रेपणा, असे कोणीही समजू नये.

परंतु हे सर्व केल्यावरही एक गोष्ट उरते आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वाईट बातमी घरी सांगण्याची वाट मोकळी ठेवणे, ही पालकांची खरी तयारी होय. “किती गुण मिळाले?” हा प्रश्न आपण रोज विचारतो. “आज काय समजले नाही?” हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी विचारावा आणि उत्तर ऐकून रागावू नये. मुलगा घर सोडून जाण्यापूर्वीच त्याला स्पष्ट शब्दांत सांगावे : “नापास झालास तर पहिला फोन आम्हांला कर.” हे वाक्य त्या पारनेरच्या मुलाला कोणी सांगितले नव्हते, त्याच्या वडिलांनीही नाही आणि मीही नाही.

आणि आता माझी मागणी. निगडी, प्राधिकरण, चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण या टापूत आपल्या मंडळाची कितीतरी कुटुंबे आज स्वतःच्या घरांत राहतात. माझ्या मामाच्या दोन खोल्यांत सातवा माणूस मावला. आपल्या सदनिकेत आठवड्यातून एक ताट सहज मावेल. वार लावण्याची ती जुनी चाल आपण नव्याने सुरू करावी. पूर्वी तिचे कारण भूक हे होते. आज मुलाला अन्न मिळते; आज उणीव आहे ती त्याने आमटी पुन्हा का मागितली नाही, हे ओळखणाऱ्या माणसाची. प्रत्येक कुटुंबाने बाहेरगावाहून आलेल्या एका विद्यार्थ्याचा वा विद्यार्थिनीचा रविवार पत्करावा. वार ठरलेला, वेळ ठरलेली. “केव्हाही ये” असे म्हणू नये. केव्हाही ये म्हटलेला पाहुणा कधीच येत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. वसतिगृह बांधावयास जमीन लागते, निधी लागतो. ताटाला निधी लागत नाही. व्यासपीठाशेजारी आज एक वही ठेवली आहे. तीत आपले नाव आणि वस्ती लिहावी. मंडळाच्या चिटणिसांनी जुलैअखेरपर्यंत प्रत्येक विद्यार्थ्याला एक घर जोडून द्यावे, अशी मी त्यांना विनंती करतो.

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण मनात विचारीत असाल. त्याचे ते एक वर्ष गेले, ते कोणी परत देऊ शकत नाही. पुढील जूनमध्ये त्याने पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. या वेळी मी स्वतः त्याच्या खोलीवर गेलो आणि रविवार ठरवून आलो. पहिले तीन रविवार तो खाली मान घालून जेवला आणि गेला. चौथ्या रविवारी त्याने वही काढली आणि म्हणाला, “काका, यातलं मला काहीच समजलेलं नाही.” आमच्या इमारतीतील एका तरुण अभियंत्याला मी त्याच वेळी बोलावून आणले. आज तो मुलगा तिसऱ्या वर्षास आहे आणि आजचा रविवार म्हणून या सभेत, मागच्या रांगेत बसलेला आहे. ही हकीकत सांगण्याची परवानगी त्यानेच मला दिली.

वहीत पहिले नाव माझे आहे. दुसरे आपले असावे, एवढी प्रार्थना करून आणि सर्व विद्यार्थ्यांना मनःपूर्वक शुभेच्छा देऊन मी आपली रजा घेतो.