विमानतळाची धांवपट्टी आणि जमिनीचें मोल

26 एप्रिल 1993 रोजीं तेव्हांच्या औरंगाबादेहून, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगराहून, मुंबईस निघालेलें विमान चिकलठाण्याच्या धांवपट्टीच्या अगदीं टोकाशीं जमिनीवरून उचललें गेलें आणि पलीकडील बीड रस्त्यानें कापसाच्या गाठी नेणाऱ्या मालमोटारीवर आदळलें. 55 माणसें दगावलीं. चौकशींत वैमानिकांची चूक ठरली. परंतु उड्डाणाच्या वेळीं रस्त्यावरील रहदारी अडविली नव्हती, हेंही नमूद झालें.

पट्टीपुढें मोकळी जागा राखणें हा जमिनीचा, म्हणूनच पैशाचा प्रश्न होय. त्यांतून चिकलठाणें समुद्रसपाटीपासून सुमारें 580 मीटर उंच. उन्हाळ्यांत हवा तापून विरळ होते आणि भरलेल्या विमानास अधिक धांव लागते.

अजिंठा-वेरूळच्या विकासासाठीं जपाननें 1992 व 2003 सालीं सवलतीचें कर्ज दिलें, त्यांत विमानतळाची सुधारणाही होती. लेण्यांतील बुद्ध विमानतळास पावला, म्हणावयाचें! नवें प्रवासीभवन 2009 मध्यें उघडलें. अशा कर्जांतून जमिनीची भरपाई मात्र सहसा देतां येत नाहीं. सुमारें 9,300 फुटांची पट्टी 12,000 फुटांपर्यंत नेण्याच्या योजनेंत म्हणूनच जमीन राज्य सरकारनें विकत घेऊन द्यावयाची आणि पट्टी विमानतळ प्राधिकरणानें बांधावयाची, अशी वांटणी आहे.

2013 च्या कायद्याप्रमाणें बाजारभावावर तितकीच दिलासा रक्कम द्यावी लागते. प्राथमिक अधिसूचना निघाली कीं जमिनीचे व्यवहार थांबतात. ज्याचें शेत वा घर मोजणींत आलें, त्याचे हात बांधले जातात. अनुदानास विलंब झाला तर तो तसाच खोळंबतो, आणि इकडे शहर चिकलठाण्याकडे सरकत राहतें, भाव चढत राहतो.