मुक्कामाचे खरे भाडे



न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अशा व्यासपीठांवर मोठमोठे विद्वान मोठमोठ्या विषयांवर बोलत आले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण थोडे. जे काही झाले ते कारखान्यांच्या फाटकांबाहेर, वाचनालयांत आणि एस.टी.च्या बाकावर झाले. म्हणून चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही आमच्या आवाक्यातलाच विषय सांगितला : कारखान्यांच्या शहरात लॉजवर मुक्काम करणे. चालक हसले. म्हणाले, "यात सांगण्यासारखे काय आहे?" ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

मुक्काम हा शब्द तिसगावला नवा नाही. मढीला कानिफनाथांची यात्रा भरते तेव्हा दुरून आलेली माणसे पालात, झाडाखाली नाहीतर ओळखीच्याच्या ओसरीवर रात्र काढतात. दसरा-दिवाळी झाली की आपल्या पाथर्डी तालुक्यातली माणसे कोयते घेऊन साखर कारखान्यांवर जातात आणि फडाच्या शेजारी कोप्या घालून पाच-सहा महिने राहतात. यात्रेतला मुक्काम श्रद्धेचा, कोपीतला मुक्काम पोटाचा. लॉजवरचा मुक्काम हाही बहुतेक पोटाचाच असतो. फक्त त्याला चार भिंती आणि एक पावती असते.

आपल्याकडे हॉटेल म्हटले की चहा आणि भजी डोळ्यांपुढे येतात. राहण्याच्या जागेला आपण लॉज म्हणतो. आम्ही बोलणार आहोत ते ना फार थोर, ना अगदी दरिद्री अशा मधल्या लॉजविषयी. पिंपरी-चिंचवडला कामासाठी गेलेल्यांना त्याचे रूप माहीत आहे. तळमजल्यावर दुकाने, बाजूने अरुंद जिना, वर टेबल आणि टेबलावर जाड वही. खोलीत दोन खाटा, पांढऱ्या चादरी, प्लास्टिकचा जग, साबणाची बोटाएवढी वडी आणि भिंतीवर एक सूचना : गरम पाणी सकाळी सहा ते नऊ.

त्या वहीत नाव, गाव, कोठून आलात, कोठे जाणार आणि येण्याचे कारण असे रकाने असतात. कारणाचा रकाना वाचला तर शहर कशावर चालते ते कळते. एक जण यंत्र दुरुस्त करावयास आलेला असतो, एक सुट्या भागांची मागणी मिळवावयास. कोणी बाप आय.टी.आय. झालेल्या मुलाला मुलाखतीसाठी घेऊन आलेला असतो. कोणाचा भाऊ रुग्णालयात असतो. आणि आमच्यासारखा एखादा वाटाघाटींसाठी किंवा कोर्टाच्या तारखेसाठी आलेला असतो. मौजेखातर तेथे कोणी येत नाही.

असे लॉज सामान्य माणसाच्या आवाक्यात फार उशिरा आले. घाटावरून आणि कोकणातून माणसे मुंबईच्या गिरण्यांत गेली तेव्हा एकेका गाळ्यात कितीतरी जण दाटीने राहत. एक पाळी कामावर गेली की तिने मोकळ्या केलेल्या जागेवर दुसरी पाळी पाठ टेकी. गावकऱ्यांनी आपापल्या गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. गोव्याच्या माणसांनी धोबी तलावाच्या बाजूला आपापल्या गावांचे कूड काढले. जेवणासाठी खानावळी होत्या, आणि त्या चालविणाऱ्या पुष्कळ बाया गिरणी कामगारांच्याच घरच्या होत्या. त्यांचे राबणे घरकामातच जमा होत असे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. परक्या माणसाला जेवू घालणे हाही उद्योग आहे, हे तेव्हा बँकेच्या कागदावर आले.

पुढे उद्योग मुंबईबाहेर पसरले. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 साली स्थापन झाली, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि मग एकामागून एक कारखाने उभे राहिले. 1970 साली तेथे नगरपालिका झाली आणि 1982 साली महानगरपालिका. जेथे कारखाना आला तेथे परगावचा माणूस आला, आणि त्याच्यामागे लॉज आले.

परंतु पैसे दिले की खोली मिळते, ही गोष्टसुद्धा या देशात सहज घडलेली नाही. 1917 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास गेले. एवढा शिकलेला माणूस, पण त्यांना राहावयास जागा मिळेना. शेवटी एका पारशी विश्रामगृहात, वहीत पारशी नाव घालून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली दहा-बारा माणसे दाराशी आली आणि त्यांनी जागा सोडावयास फर्मावले. बाबासाहेबांनी एका बागेत बसून गाडीची वेळ होण्याची वाट पाहिली आणि ते मुंबईला परतले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. 26 जानेवारी 1950 पासून जी राज्यघटना अमलात आहे, तिच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे यांच्याबरोबर हॉटेलांचाही नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथे कोणालाही मज्जाव करता येत नाही. आपण वहीत आपले खरे नाव निर्धास्तपणे लिहितो, त्या एका ओळीमागे एवढा इतिहास आहे.

म्हणजे पाहुण्याच्या हक्काचा प्रश्न निदान कायद्यात तरी सुटला. त्या पाहुण्याची चादर बदलणाऱ्याचे काय? हा प्रश्न आम्हांला एका रात्री पडला, आणि आमच्या इतक्या वर्षांच्या कामानंतर तो तेव्हा पडावा, याची आम्हांला लाज वाटते.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या करारासाठी आम्ही गेलो होतो. दिवसभर एकाच कलमावर घासाघीस चालली होती. रात्रपाळी करून गेलेल्या कामगाराला पुरती विश्रांती मिळाल्याखेरीज पुन्हा कामावर बोलावू नये, एवढेच ते कलम. रात्री उशिरा सह्या झाल्या. आम्ही लॉजवर पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. घंटी वाजविली. टेबलाच्या मागे जमिनीवर पुठ्ठा अंथरून झोपलेला अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा डोळे चोळत उठला. त्याने वहीत नाव लिहून घेतले, किल्ली दिली, पाण्याचा जग आणला. आम्ही विजयाच्या भरात होतो. चहा मिळेल का म्हणून विचारले. तो "आणतो" म्हणाला आणि चांगल्या वीस मिनिटांनी थर्मास घेऊन आला. कोठून आणला ते आम्ही विचारलेही नाही.

सकाळी सहाला दारावर थाप पडली. तोच मुलगा बादली घेऊन उभा. आम्ही विचारले, "का रे, झोपलास केव्हा?"

"तुमच्यामागून अजून दोघे आले, काका. मग पाचला पंप लावायचा असतो."

"आणि सुटी?"

"गावाला गेलो की तीच सुटी." मग जरा थांबून म्हणाला, "वहीत तुमचं गाव वाचलं. आम्ही पण पाथर्डीकडचेच. आई-दादा कारखान्यावर कोपीत आहेत."

आमच्या पिशवीत विश्रांतीच्या कलमावर सह्या झालेला कागद होता, आणि आम्ही रात्री बारा वाजता आपल्याच तालुक्यातल्या पोराला चहासाठी रस्त्यावर पाठविले होते.

उत्साहाच्या भरात आम्ही मालकाला भेटलो. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा पाजला, आपली बाजू सांगितली. इमारत भाड्याची, डोक्यावर कर्ज, निम्म्या खोल्या रिकाम्या, आणि घरबसल्या खोली ठरवून देणारी कंपनी आपला वाटा आधी कापून घेते. दोन माणसे ठेवली तर भाडे वाढवावे लागेल, आणि भाडे वाढविले तर तुम्हीच शेजारच्या लॉजमध्ये जाल, असे तो म्हणाला. यातले शेवटचे वाक्य खरे होते. रात्रपाळीला दुसरा माणूस पाहतो, असे त्याने कबूल केले आणि आम्ही समाधानाने निघालो.

महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा टेबलाच्या मागे दुसराच मुलगा होता. पहिला कोठे गेला, म्हणून विचारले. "त्याला काढला. युनियनवाल्याकडे रडला म्हणे." तो मुलगा आमच्याकडे रडला नव्हता. विचारले तेवढेच त्याने सांगितले होते. त्याच्या वतीने बोलण्यापूर्वी आम्ही त्याची संमती घेतली नव्हती, आणि त्याच्या पाठीशी एकही माणूस उभा केला नव्हता. ज्याचे काम आहे त्याला विचारल्याशिवाय मालकाशी बोलू नये, हे आम्ही नव्या कार्यकर्त्यांना पहिल्या दिवशी शिकवितो. तो मुलगा आम्हांला पुन्हा भेटला नाही. आपल्या गावात उभे राहून ही चूक कबूल करावी, हाही आजच्या भाषणाचा एक हेतू आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात राहण्याची हॉटेले होती. 2017 साली महाराष्ट्राने नवा कायदा केला. त्यात दिवसाला नऊ तास काम, आठवड्याची सुटी, जादा कामाला दुप्पट मजुरी हे सगळे ठेवले. परंतु दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेने फक्त आपली माहिती कळवावी, बाकीची बंधने तिला नाहीत, अशी सूट दिली. 2025 साली अध्यादेशाने ही मर्यादा दहावरून वीसवर नेली आणि दिवसाचे काम नऊ तासांवरून दहापर्यंत नेण्यास मोकळीक दिली. मधल्या लॉजवर किती माणसे असतात? आम्ही पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी आठ, दहा, फार तर पंधरा. चाळणीची भोके मोठी केली की काय गळते, हे घरातल्या बायकांना विचारावे.

तरी सगळेच गळलेले नाही. 2019 ची वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे, आणि किमान वेतनाच्या हक्कासाठी तेथे माणसे मोजण्याची अट नाही. हॉटेलांत आणि ढाब्यांवर लहान मुलांना कामाला ठेवण्यास 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. संघटना नोंदविण्यास किमान सात माणसे लागतात, आणि ती एकाच छपराखालची असली पाहिजेत असे नाही. पाच लॉजवरची मुलेही एकत्र येऊ शकतात. हॉटेल कामगार संघटित होत नाहीत, हेही खरे नव्हे. जॉर्ज फर्नांडिस यांनी विशीच्या आत आपल्या कामाची सुरुवात केली ती मंगळूरच्या हॉटेल कामगारांत. मुंबईला आले तेव्हा त्यांनाच निजायला छप्पर नव्हते. तोच माणूस 1974 च्या देशव्यापी रेल्वे संपाचा पुढारी झाला.

आता आपल्याकडे, म्हणजे पाहुण्यांकडे येतो. लॉज सोडताना आपण पावती बारकाईने पाहतो, ते बरोबरच आहे. हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर 17 जुलै 2022 पर्यंत वस्तू व सेवा कर नव्हता. दुसऱ्या दिवसापासून बारा टक्के लागला. 22 सप्टेंबर 2025 पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांना पाच टक्के झाला. सेवाशुल्क म्हणून परस्पर लावलेली रक्कम देण्याची सक्ती करता येत नाही, असे ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 साली सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ते कायम ठेवले. हे सगळे आपण पाहावे. पण या पावतीत एक रक्कम कधीच नसते. आपली खोली शंभर-दोनशे रुपयांनी स्वस्त पडते, कारण टेबलामागच्या मुलाची झोप मालकाला फुकट मिळते. मुक्कामाच्या खऱ्या भाड्याचा तेवढा भाग तो मुलगा आपल्यासाठी भरत असतो.

मग करावे काय? आम्ही आता लॉजवर गेलो की चार गोष्टी पाळतो. मुलाला त्याचे नाव विचारतो. "ए पोऱ्या" म्हणत नाही. रात्री दहानंतर कोणाला बाहेर पाठवीत नाही. तहान लागली तर जग आपणच भरून आणतो. बक्षीस द्यावयाचे ते टेबलावर न ठेवता त्याच्या हातात देतो. आणि जेथे रात्रीला वेगळा माणूस आहे तेथे पन्नास-शंभर रुपये जास्त देऊन उतरतो, आणि का उतरलो ते मालकाला सांगतो. गिऱ्हाईक कशासाठी पैसे देते हे कळल्याशिवाय चांगल्या मालकालाही चांगले वागणे परवडत नाही. मुलाच्या तक्रारीविषयी मात्र त्याला विचारल्याशिवाय, आणि त्याच्या बाजूला सहा जण उभे राहिल्याशिवाय, आम्ही मालकापाशी शब्द काढीत नाही.

यासाठी पिंपरीला जाण्याचीही गरज नाही. हे व्याख्यान संपल्यावर आपल्यापैकी कित्येक जण नगर रस्त्यावर चहा घेतील. कप उचलणाऱ्या मुलाला एवढेच विचारावे : तू सकाळी किती वाजता उठलास? उत्तर ऐकून घ्यावे. पुढचे काम त्यानंतर सुरू होते, आणि त्यात आमची मदत हवी असेल तर आम्ही आहोत.